शेवटी हात लावायची वस्तू

आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात करिअर मार्गदर्शन कक्ष आहे. तो एका कपाटात आहे. कपाटात जुनी माहितीपत्रकं, एक स्टेपलर आणि खेळाच्या सरांचे दोन व्हॉलीबॉल असतात, कारण त्यांच्या विभागाला कपाट मिळालेलं नाही. या कक्षाची मी प्रमुख. प्रमुख म्हणजे किल्ली माझ्याकडे असते. मी मूळची भूगोलाची; ज्या मीटिंगमध्ये हे पद वाटलं गेलं त्या दिवशी मी रजेवर होते. गैरहजर माणसाला पद मिळतं, ही आमच्याकडची जुनी रीत आहे.

कॉलेज जव्हारला, घर मोखाड्याला. एसटी मिळाली तर एसटीने, नाहीतर जीपमध्ये जागा होईल तशी बसून मी रोज जाते-येते. या प्रवासात मला खूप राग येतो आणि तो उतरवायला समोर वर्ग असतो, त्यामुळे तब्येत बरी राहिली आहे.

बारावीनंतरच्या अर्जांचे दिवस आले की मुलं कपाटासमोर रांग लावतात आणि विचारतात, "मॅडम, काय करू?" मी विचारते, "तुला काय करायचंय?" मग मूल फरशीकडे बघतं. घरी कुणी हे कधी विचारलेलं नसतं, त्यामुळे उत्तर द्यायची सवय नसते. थोड्या वेळाने फरशीकडे बघतच ते म्हणतं, "तुम्ही सांगाल ते." इथे माझं डोकं फिरतं. "मी सांगेन ते? उद्या म्हटलं विहिरीत उडी मार, तर मारशील?" एकाने खरंच विचार केला आणि म्हणाला, "मारीन मॅडम, पन तिच्यात पानी नाय." तो सूर्यमाळचा होता. तिथल्या विहिरींचं उन्हाळ्यातलं ते अचूक वर्णन होतं, आणि मी भूगोलाची असल्यामुळे मला ते मान्य करावं लागलं.

तर या मुलांसाठी मी एक भाषण तयार केलं होतं. दरवर्षी तेच. मला त्याचा अभिमान होता, हेही सांगून टाकते. "कोर्स निवडणं म्हणजे बाजार करणं," मी म्हणायचे. "मोखाड्याच्या बाजारात शिरल्या शिरल्या पहिल्याच दुकानात तुम्ही चप्पल घेता का? नाही ना? आधी सगळा बाजार फिरता, चार ठिकाणी हाताळून बघता, मग ठरवता. फॉर्मही तसाच भरायचा. बाजार करता तसा." मुलं माना डोलवायची. इतकी वर्षं मला वाटत होतं की माझं बोलणं त्यांना कळतंय. कळत होतंच. तीच तर पंचाईत झाली.

त्या वर्षी सूर्यमाळच्या एका पाड्यावरची मुलगी होती, विज्ञान शाखेची. मार्क चांगले होते, पण ते ती चोरीचा माल असल्यासारखे लपवून ठेवायची. रांगेत सगळ्यात मागे उभी राहायची आणि मागून कुणी आलं की त्याला पुढे सोडायची. असे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी मीच खेकसले, "तू रांगेत उभी आहेस की रांग सांभाळतेस?" मग आली पुढे. मी नेहमीचा प्रश्न विचारला. तिने फरशीकडे बघितलं नाही. व्हॉलीबॉलकडे बघितलं आणि म्हणाली, "वनशास्त्र."

माझ्या कपाटाला हा शब्द नवा होता. आमच्याकडे नर्सिंग मागतात, डी.एड. मागतात, पोलीस भरती मागतात. वनशास्त्राची पदवी असते आणि ती कोकणात दापोलीला शिकता येते, एवढं मला ऐकून माहीत होतं. मागायला आलेली ही पहिलीच. घरी काय म्हणतात, मी विचारलं. वडील भिवंडीला गोदामात हमाली करायचे. फोनवर कळलं तेव्हा ते म्हणाले होते, "जंगल पढने का? जंगल में तो रहतेच हैं." भिवंडीत राहून ते आता हिंदीतच रागवायचे. आई काहीच म्हणाली नव्हती.

"आणि तुला का पाहिजे हे?"

मग तिने सांगितलं. ती चौथीत असताना आई जंगलात फाटी आणायला गेली होती. वनरक्षकाने अडवलं, ओलं लाकूड तोडलं म्हणून कोयता जप्त केला आणि पावती दिली. "तोडलं होतं का?" मी विचारलं. "तोडलं व्हतं," ती म्हणाली. आई पावती घेऊन घरी आली. घरात वाचता येणारी ही एकटीच. तिने वाचलं : एक लोखंडी हत्यार. आई म्हणाली, नीट वाच. तिने परत वाचलं. आई म्हणाली, हत्यार कुठनं आलं, माझा कोयता व्हता, तो वाच. तिने तिसऱ्यांदा तेच वाचलं. तेव्हा आईने तिच्या पाठीत एक धपाटा घातला, कारण चार वर्षं शाळेत जाऊन पोरीला कोयता वाचता येत नाही असं तिला वाटलं.

"म्हनून," मुलगी म्हणाली, "मला ती पावती लिहिनारी व्हायचंय."

देशसेवा, समाजसेवा, आईबाबांचं स्वप्न, अशी कारणं मी ढिगाने ऐकली आहेत. इतकं स्वच्छ कारण ऐकलं नव्हतं. मला ती मुलगी तिथल्या तिथे आवडून गेली. हे मी तिला सांगितलं नाही. "बरं," म्हणाले आणि स्टेपल करायची गरज नसलेले दोन कागद स्टेपल केले.

आता फॉर्मबद्दल सांगते. कृषी, उद्यानविद्या, वनशास्त्र या सगळ्यांचा फॉर्म एकच असतो. त्यात आपल्याला हवी ती कॉलेजं एकाखाली एक लिहायची. त्याला पसंतीक्रम म्हणतात. एक नंबरला लिहिलेलं मिळण्यासारखं असेल तर यंत्रणा तेच देऊन मोकळी होते. खाली काय लिहिलंय ते ती बघतसुद्धा नाही. आणि एक नंबरचं मिळालं की ते घ्यावंच लागतं, नाही घेतलं तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. म्हणून जे सगळ्यात जास्त पाहिजे ते सगळ्यात वर लिहायचं. ही गोष्ट इतकी उघड आहे की मी ती भाषणात कधी घातलीच नव्हती.

फॉर्मला मोबाईल नंबरही लागतो, कारण प्रत्येक पायरीवर ओटीपी येतो. त्या मुलीच्या पाड्यावर रेंज नाही. अशा मुलांनी त्यावर मार्ग काढला आहे : सूर्यमाळहून मोखाड्याला जीप चालवणाऱ्याचा नंबर द्यायचा, कारण दिवसातून चार वेळा तो रेंजमध्ये असतो. एका नंबरवर एकच फॉर्म चालतो, त्यामुळे हा मान दरवर्षी एकालाच. त्या वर्षी तो हिच्या वाट्याला आला होता.

मुलीने कॉलेजच्या संगणकावर बसून फॉर्म स्वतः भरला. मी तेव्हा इन्व्हर्टर कुणी बंद केला यावरून ऑफिसात भांडत होते. परत आले तोवर तिने फॉर्म लॉक करून, प्रिंट काढून माझ्या टेबलावर ठेवली होती आणि लावणीसाठी ती गावी निघून गेली होती. प्रिंट मी पर्समध्ये टाकली. मोखाड्याला जाणाऱ्या जीपमध्ये, एका कोंबडीवाल्या आजोबांच्या आणि खिडकीच्या मध्ये बसून, ती उघडली.

एक नंबरला विदर्भातलं एक खाजगी कृषी महाविद्यालय होतं, ज्याचं नाव मी आयुष्यात पहिल्यांदाच वाचत होते. दोन नंबरला तसंच आणखी एक. तीन, चार, पाच, सगळी तशीच. कुणालाही सहज मिळतील अशी. अकराव्या नंबरवर, अगदी तळाला, लिहिलं होतं : वनशास्त्र, दापोली.

माझा संताप संताप झाला. शेवटी घाबरलीच, असं वाटलं. बापाने फोन केला असणार, नाहीतर कुणी तरी हसलं असणार. "काय कप्पाळ!" मी मोठ्याने म्हणाले. कोंबडीवाले आजोबा म्हणाले, "काय झालं, बाय?" मी म्हटलं, "एक नंबरला अकरा आणि अकराला एक." ते म्हणाले, "व्हतं तसं," आणि कोंबडी दुसऱ्या मांडीवर घेतली.

फॉर्म दुरुस्त करायची मुदत दुसऱ्या दिवशी पाचपर्यंत होती. लॉक एकदाच उघडता येतं, तेही मुदतीच्या आत. जीपवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "उद्या मोखाड्याचा बाजार नाय का, मॅडम. पोरगी आयशीसंगं येनार भाजी घेऊन. माझ्याच गाडीत." मी प्राचार्यांना कळवलं की पोटात दुखतंय. ते खोटं नव्हतं.

बाजारात पाऊस होता आणि चिखल घोट्यापर्यंत. प्लास्टिकच्या कागदाखाली, सागाच्या पानांवर कर्टोली मांडून बसलेल्या एका बाईजवळ मला ती मुलगी दिसली. आणि ती बाई मला चांगली ओळखीची निघाली. चार पावसाळे मी तिच्याकडून भाजी घेत होते. ती हिची आई हे मला माहीत नव्हतं. तिच्याकडे गेले की माझी एक ठरलेली पद्धत होती. आधी अळूला हात लावायचा, नाक मुरडायचं, मग टाकळा उलथापालथा करायचा, आणि निघता निघता सहज आठवल्यासारखं कर्टोलीकडे बोट दाखवायचं. आमचे हे बाजारात आले की थेट कर्टोलीवर झडप घालतात आणि पिशवी आधी उघडतात. म्हणून मी त्यांना नेत नाही.

त्या दिवशी मी कशालाच हात लावला नाही. प्रिंट मुलीच्या समोर धरली.

"हे काय आहे?"

"फारम."

"फारम आहे ते मलाही दिसतंय. वनशास्त्र तळाला का? नको झालं का तुला?"

"पायजे."

"मग?"

ती आईकडे बघायला लागली. शाळेची भाषा घाबरली की तिच्या तोंडातून जायची. "पायजे म्हनून तं खाली लिवलं, मॅडम."

"म्हणजे काय?"

"तुमीच सांगितलं ना, बाजार करता तसा फारम भरा. बाजारात पायजे त्यालाच पयला हात लावला तं दुकानदाराला कलतं. मंग तो भाव चढवतो, नायतं देतच नाय. म्हनून दुसरं दुसरं बघायचं. आनि पायजे ते शेवटी मागायचं, जाता जाता."

मला कुणी तोंडात मारल्यासारखं झालं. इतक्या वर्षांच्या विद्यार्थ्यांत माझं भाषण शब्दशः ऐकणारी ही एकच निघाली होती, आणि त्यापायी ती विदर्भाच्या टोकाला निघाली होती. तिला ओरडायला मी तोंड उघडलं आणि कुठून सुरुवात करावी ते कळेना. चूक तिची असती तर बरं झालं असतं. चुकलेल्या माणसाला ओरडता येतं.

आई मात्र हसायला लागली. "आनि इकनारीला कलत नाय का गं?" ती मुलीला म्हणाली. "या मॅडम अळवाला हात लावाया लागल्या का मी कर्टोलीचा वाटा करूनच ठेवतंय."

आजूबाजूच्या दोघी-तिघी हसल्या. म्हणजे त्यांनाही माहीत होतं. चार पावसाळे!

मी चिखलात उकिडवी बसले आणि दोघींना समजावलं, की फॉर्म वाचणारा हा संगणक दुकानदार नाही. याला डोळे नाहीत, याला भाव चढवता येत नाही. हा वरून वाचत येतो आणि जे पहिलं देता येईल ते देऊन टाकतो.

"मंग पोरीला काय पायजे ते त्याला कसा कलनार?" आईने विचारलं.

"तिने पहिल्यांदा सांगितलं तरच."

"बाय गं," आई म्हणाली. कर्टोली तिने शेजारणीच्या हवाली केली, डोक्यावर पोतं घेतलं आणि आमच्याबरोबर चालायला लागली.

झेरॉक्सच्या दुकानात संगणक होता. लाइट होती, हे विशेष. लॉक उघडायला ओटीपी मागितला तसा मी जीपवाल्याला फोन लावला. तो समोरच्या स्टँडवरच उभा होता, गाडी अर्धी भरलेली. त्याने दाराशी येऊन तो आकडा असा खणखणीत वाचला की जीपमधल्या सगळ्यांनी ऐकला. मी म्हटलं, "अहो, तो गुप्त असतो." तो म्हणाला, "मंग हळू वाचू का?" आणि परत वाचला, हळू.

लॉक उघडलं. वनशास्त्राच्या ओळीसमोर वर जाणारा एक छोटा बाण होता. तो दाबला की ओळ एक पायरी वर चढायची आणि पान पुन्हा उघडायला त्याचा वेळ घ्यायचं. अकरावरून एकवर म्हणजे दहा वेळा. मी मुलीला खुर्चीवर बसवलं. "तूच दाब," म्हटलं. "मला नको सांगूस, त्याला सांग."

ती दाबायला लागली. दहा. नऊ. आठ. पाच नंबरला पान अडकलं. वाट बघताना तिने विचारलं, "मॅडम, तुमी पयलं काय लिवलं व्हतं?"

"वडील म्हणाले ते. बी.ए., मग बी.एड."

"आनि पायजे काय व्हतं?"

"हवामानशास्त्र." हे मी आमच्या ह्यांनाही कधी सांगितलेलं नाही. झेरॉक्सच्या दुकानात का सांगितलं कोण जाणे.

"ते कितव्या नंबरला लिवलं?"

"लिहिलंच नाही."

पान उघडलं. चार. तीन. दोन. तिथे ती थांबली.

"दोन नंबरला ठेवू का, मॅडम?"

"का?"

"एकदम एक नंबर बरं नाय दिसत."

"कुणाला बरं नाही दिसत?" माझा आवाज चढला. "कोण बघतंय तुला इथे?" तिने खरंच मागे वळून बघितलं. मागे तिची आई उभी होती, पोत्यातून पाणी गळत होतं, आणि दारात जीपवाला, दोन उतारू जीपमधून उतरून आलेले. बघणारे तसे होते. मला एकदम रडू आलं आणि त्याचाही राग आला.

"दाब गं," आई म्हणाली.

तिने दाबलं.

पहिल्या फेरीची यादी लागली तेव्हा तिला वनशास्त्र मिळालं होतं. जीपवाल्याच्या मोबाईलवर मेसेज आला, आणि त्याने ती बातमी पाड्यावर पोचवायच्या आधी वाटेतल्या प्रत्येक स्टॉपवर सांगितली. मी तिची कागदपत्रं यादीप्रमाणे लावून दिली. जव्हारच्या एसटी स्टँडवर तिला गाडीत बसवलं. "तब्येत सांभाळ, लाजू नकोस, मेसमध्ये रांगेत पुढे उभी राहा," असं सगळं एका दमात बोलले. भाषण मी त्या वर्षीपासून बदललं आहे. आता मी बाजाराचं नाव काढत नाही. मुलांना सरळ सांगते, सगळ्यात जास्त काय पाहिजे ते आधी बोला, मोठ्याने. ती फरशीकडे बघतात. मी वाट बघते.

ती गेल्यानंतरच्या आठवड्यात मी बाजारात गेले. तिची आई तिथेच बसली होती. मी अळूकडे बघितलंसुद्धा नाही, थेट कर्टोलीवर हात ठेवला. ती हसली, वाटा पिशवीत ओतला आणि वर एक मूठ टाकली.

मग तिने विचारलं, तिकडे पाऊस असतो का असाच. मी म्हटलं, असतो. भात देतात का जेवायला? देतात. मासळी? समुद्र जवळच आहे, मिळत असेल. थंडी लागेल का, गोधडी दिलीय. पुरेल, मी म्हटलं. खोलीत किती पोरी? तिघी. मंग बरं. तिने सागाची पानं सारखी केली, पाणी शिंपडलं. मी पिशवी उचलली आणि चार पावलं गेले, तेव्हा मागून तिने हाक मारली, अगदी सहज, काही तरी आठवल्यासारखी.

"मॅडम."

मी वळले.

"शिकून झाली का पावत्या तीच लिवनार ना?"

"तीच लिहील."

"मंग तिला फोन कराल तवा सांगा," ती म्हणाली. "कोयत्याला कोयता लिव म्हनावं."